नाशिकहून एका दिवसात जुनी देवळं, वाडे आणि गावं बघायची तर कुठून कुठे जावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: राहायला नाशिकमध्ये, त्र्यंबक, वणी, पांडवलेणी, वाइनरी सगळं करून झालंय, आता एक दिवस गाडी काढून जुनी देवळं, वाडे आणि जुनी गावं बघायचीत, सोबत सत्तरीचे आई-वडील आणि १२ वर्षांचा मुलगा, गाडी साधी हॅचबॅक. आणि यादी काढलीय सिन्नर, येवला, अंकाई, चांदवड आणि झोडगे. एका दिवसात होईल का?

नाही होणार. म्हणजे गाडी फिरून येईल हो, पण ३०० किलोमीटरच्या पुढे जातंय ते, झोडगे तर मालेगावच्याही पलीकडे धुळ्याच्या वाटेवर आहे. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, दोन फोटो, चला बसा गाडीत, आणि आई-वडिलांची कंबर संध्याकाळपर्यंत कामातून गेलेली. मी जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीच्या कामात आहे, चुना, लाकूड, दगड हे रोजचंच, त्यामुळे जिल्ह्यातल्या गावांत सतत जाणं असतं. पाहुणे आले की मी त्यांना यादी करूच देत नाही, एक नदी धरायला सांगतो. नदीकाठाने गेलं की सातवाहनांपासून इंग्रजांपर्यंत सगळं ओळीने लागतं आणि गाडी पळवावी लागत नाही.

तुमच्यासाठी नाशिकच्या खालची गोदावरी. सकाळी सिन्नर, तिथून नायगावच्या बाजूने खाली जोगलटेंभी, मग सायखेडा-चांदोरी, दुपारनंतर नांदूरमधमेश्वर, आणि वेळ उरलाच तर विंचूर, येताना निफाडवरून औरंगाबाद रोडने घरी. एकूण १२५-१५० किलोमीटर, सगळं सपाटीवर, चढण कुठेच नाही, फार तर देवळाच्या आणि वाड्याच्या पायऱ्या.

सकाळी साडेसहाला निघा. पुणे हायवेने सिन्नर तीसेक किलोमीटर आहे, पण हायवेवर राहिलात तर सरळ संगमनेरच्या दिशेला निघून जाल, म्हणून आधीच गावात शिरायचं. आणि मॅपवर हल्ली एक कटकट अशी झालीय की पुढचं ठिकाण शिर्डीच्या बाजूचं वाटलं की तो तुम्हाला उचलून समृद्धीवर टाकतो, मग पुढचा इंटरचेंज येईपर्यंत बसा. सेटिंगमध्ये टोल आणि हायवे टाळा हे चालू करून ठेवा.

गोंदेश्वर सकाळीच का, तर देऊळ पूर्वाभिमुख आहे, कोवळं ऊन समोरून येतं आणि कोरीव काम उठून दिसतं, दहानंतर ऊन डोक्यावर आलं की सगळं काळं सपाट दिसायला लागतं. सिन्नर म्हणजे यादवांची देवगिरीच्या आधीची राजधानी, सेऊणचंद्राने वसवलेलं सेऊणपूर ते हेच असं मानतात. पुढे पाचव्या भिल्लमाने १२ व्या शतकाच्या शेवटी देवगिरी गाठली आणि सिन्नर मागे पडलं. गोंदेश्वर पंचायतन आहे, मधे महादेव, चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची छोटी देवळं, समोर नंदीमंडप. लोक याला हेमाडपंती म्हणतील, म्हणू द्या, वाद घालू नका, पण मुलाला सांगून ठेवा की ज्याच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात तो हेमाद्री पंडित १३ व्या शतकाच्या उत्तरार्धातला यादवांचा प्रधान आणि हे देऊळ त्याच्या आधीचं.

आत जायची घाई करू नका. आधी बाहेरून एक पूर्ण चक्कर मारा आणि शिखराकडे बघा. चार बाजूंना खालून वर चार उभे पट्टे गेलेत, त्यांना लता म्हणतात, आणि दोन लतांच्या मधे छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक चढत गेल्यात. याला भूमिज शैली म्हणतात. मुंबईजवळचं अंबरनाथचं देऊळ याच घराण्यातलं, आणि तुमच्या यादीतलं झोडग्याचं माणकेश्वरही. म्हणजे गोंदेश्वर नीट बघितलंत तर झोडगे पुढच्या वेळेला धुळ्याला जाताना बघायला मोकळे, तेव्हा ओळख पटेल लगेच.

मग दगडाच्या सांध्यांकडे बघा, माझ्या दृष्टीने खरी मजा तिथे आहे. मूळ बांधकामात चुना नाही, माती नाही, काही नाही. दगड घडवून एकमेकांवर बसवलेत आणि वरच्या वजनाने खालचे जागेवर राहतात. मंडपाच्या छताखाली उभं राहून वर बघितलं की कळतं, चौकोनावर तिरका चौकोन, त्यावर पुन्हा लहान चौकोन असं करत करत छत मिटवत नेलंय. कमान नाहीच. त्यामुळे खांब जवळ जवळ आहेत, दगडाची तुळई फार लांब टाकली तर ती मधे मोडते, लाकडासारखी वाकत नाही. ही एकच गोष्ट मुलाला समजली तरी दिवस वसूल, कारण दुपारी चांदोरीला लाकडी वाडा बघताना तो आपोआप विचारेल की इथले खांब लांब लांब का. काही दगडांत पांढरे ठिपके दिसतील, ते आपल्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत भरलेल्या खनिजांचे. सिन्नरच्याच एमआयडीसीत गारगोटी नावाचं खनिजांचं म्युझियम आहे, तिथे हीच खनिजं मुठीएवढी आणि डोक्याएवढी बघायला मिळतात. मुलाला आवडतं, पण तिथे गेलात तर दीड तास गेला हे धरून चाला, मी तरी या दिवसात ते घालणार नाही.

गावातच ऐश्वरेश्वराचं देऊळ आहे, लोक आयेश्वर म्हणतात. हे गोंदेश्वराहून लहान आणि जुन्या धाटणीचं, शिखर आज नाही, आणि गर्दी अजिबात नाही. आत गाभाऱ्याच्या अलीकडे वर मकरतोरण आहे ते चुकवू नका, दोन्ही बाजूंना मकर, म्हणजे मगरीसारखा काल्पनिक प्राणी, आणि मधे दाटीवाटीने कोरलेलं काम. मोबाइलचा टॉर्च मारा पण तिरका मारा, समोरून मारला तर काही दिसत नाही.

नाश्ता सिन्नरमध्येच उरका. मिसळ कुठे चांगली यावर नाशिककराला सल्ला देण्यात अर्थ नाही.

आता खाली नदीकडे. सिन्नर सोडून नायगावकडे निघालात की रस्ता अरुंद होतो, दोन्हीकडे कांदा, द्राक्षाचे मांडव, मधेच एखादी मोडकी विहीर. इथून पुढे जे गाव लागेल तिथे गाडी वेशीबाहेर लावा आणि दहा मिनिटं चाला, वडिलांना पारावर बसवा, त्यांना तिथे तुमच्यापेक्षा जास्त माहिती मिळेल.

गाव कसं बघायचं ते सांगतो, कारण फलक कुठेच नसतो. आपल्याकडे शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. गावठाण आजूबाजूच्या शेतापेक्षा उंच दिसतं, ते नुसत्या टेकाडामुळे नाही, शेकडो वर्षं मातीची घरं बांधली, पडली, त्याच मातीवर पुन्हा बांधली, असं करत पांढरीचा थर चढत गेलाय. गढी असेल तर ती सगळ्यात उंच, जाड मातीच्या भिंती, खाली दगडाचं जोतं. बऱ्याच गढ्या हल्ली अर्ध्या खणून नेलेल्या दिसतील, कारण ती पांढरी माती धाब्याच्या घरांच्या छपरावर टाकायला आणि भिंती लिंपायला चांगली म्हणून लोक पिढ्यानपिढ्या नेत आलेत. वेस असेल तर कमानीकडे बघा, दगडाची असेल तर बहुतेक मराठेशाहीतली किंवा नंतरची. वेशीबाहेर मारुती असणारच. आणि मारुतीच्या मागे, पिंपळाखाली, देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलेले शेंदूर फासलेले उभे दगड असतात, ते देव समजून लोक पुढे जातात, तिथे थांबा. त्यातले बरेचसे वीरगळ असतात, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचे दगड. खालच्या चौकटीत लढाई किंवा मेलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहो. कोपरात दुमडलेला बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. शेंदूर खरवडून बघू नका, पूजेतला दगड आहे तो, पण बाजूने बोटं फिरवली तरी चौकटी लागतात हाताला.

जोगलटेंभीला बघायला काय आहे असं विचाराल तर दारणा-गोदावरीचा संगम, बास. पण तरी थांबा, कारण १९०६ साली इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. म्हणजे पराभूत राजाचा पैसा वितळवतही बसला नाही, त्याच्याच नाण्यावर ठोकला ठसा. आता हे पांडवलेण्याशी जोडा, ते तुम्ही बघितलंय म्हणता. तिथलं १० नंबरचं लेणं नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं, आणि ३ नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे, त्यात माझ्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला असं लिहिलंय. आईने भिंतीवर कोरून ठेवलं आणि पुरावा निघाला इथे, गोदाकाठच्या मातीत. त्याच लेखांमध्ये गोवर्धन हे नाव येतं, ते आपलं गंगापूरजवळचं गोवर्धन. मला विचाराल तर नाशिकच्या पोरांना शाळेत हे सगळ्यात आधी शिकवायला पाहिजे, पण असो. नाण्यांचीच आवड लागली मुलाला तर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, ते वेगळ्या दिवशी.

संगमावर पाण्यात उतरू नका, काठ निसरडा आहे आणि वरून दारणेचं पाणी सोडलं की पातळी बघता बघता वाढते.

पुढे सायखेडा, पूल ओलांडला की चांदोरी. या दोन गावांना मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन, दोन-अडीच तास. चांदोरी म्हणजे हिंगण्यांचं गाव. १७१९ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीहून परतले तेव्हा महादेवभट हिंगणे मराठ्यांचे वकील म्हणून दिल्लीत राहिले, आणि पुढे त्यांच्या मुलांनी, बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम, देवराव यांनी ते काम चालवलं. पानिपताच्या आधीचं दिल्लीचं राजकारण आपल्याला कळतं ते बरंचसं हिंगण्यांच्या पत्रांमधून. आणि ही माणसं मूळची या गोदाकाठची. गावात हिंगण्यांचा वाडा आहे, तो खासगी आहे हे लक्षात ठेवा.

वाड्यात कसं जायचं ते आधी. सरळ दिंडी दरवाजातून कॅमेरा काढून आत घुसायचं नाही. आधी पारावर किंवा किराणा दुकानात विचारायचं, दादा, वाड्यात कोण असतं सध्या, बघायला मिळेल का. बहुतेक वेळा कोणीतरी स्वतः सोबत येतं. ओसरीवर चढायच्या आधी चपला काढायच्या. घरात आजी असल्या तर पहिला नमस्कार त्यांना, आणि तुमच्या आईंना पुढे करा, बायकांशी बायका बोलायला लागल्या की अर्ध्या तासात तुम्हाला माजघर, देवघर, बळद सगळं बघायला मिळतं. बळद म्हणजे भिंतीत नाहीतर जमिनीखाली धान्य साठवायची जागा. फोटो विचारून काढायचे. वरच्या मजल्यावर कोणी चला म्हटलं तरी पाय कुठे ठेवताय ते बघा, तुळईच्या वरूनच चाला, मधल्या पाटणावर, म्हणजे फळ्या-मातीच्या भागावर नाही. आणि एक प्रश्न कधीच विचारायचा नाही, विकायचाय का. जुन्या सागवानाचे व्यापारी गावोगाव फिरतात, कोरलेले खांब, चौकटी उचलून शहरातल्या हॉटेलांना आणि फार्महाऊसना विकतात, त्यामुळे अनोळखी माणूस खांबावर हात फिरवायला लागला की घरचे सावध होतात. त्यांचं बरोबरच आहे.

आत काय बघायचं. जोतं दगडाचं, खालची भिंत दगडाची, वर वीट. पेशवाईतली वीट आताच्या विटेपेक्षा पातळ असते आणि मधला चुन्याचा थर जाड, ही ओळख पक्की लक्षात ठेवा. खांब सागवानी, खाली दगडाची उथाळी, म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नाही, ओल चढत नाही. खांबाच्या डोक्यावर हस्त म्हणजे लाकडी आधार, त्यावर तुळई, तुळईवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर किलचनाच्या पट्ट्या किंवा फळ्या, आणि वर माती. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि जुने लोक घर खणांवरच मोजतात, पाच खणी, सात खणी. सकाळी गोंदेश्वराला दगडी तुळई लहान होती, इथे लाकडाची तुळई मोठं अंतर सहज पेलते, आणि म्हणूनच वाड्यात मोकळा चौक आणि लांब ओसरी शक्य झाली.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. वाड्यावर पत्रा टाकलेला दिसला की लोक नाक मुरडतात, अरेरे कसा विद्रूप केला. मी म्हणतो त्या पत्र्यानेच वाडा वाचवलाय. धाब्याचं छप्पर म्हणजे मातीचं सपाट छत, त्यावर दरवर्षी पावसाआधी नवी माती टाकून, चोपून, उतार नीट करून घ्यावा लागतो. घरातली माणसं शहरात गेली, माती टाकणारा राहिला नाही, दोन पावसाळ्यांत पाणी झिरपतं आणि कडीचं भिंतीत गेलेलं टोक कुजायला लागतं. वाडा नेहमी तिथून पडतो, मधून नाही. त्यापेक्षा पत्रा शंभर पटीने बरा. खरं नुकसान करतं ते सिमेंट. मातीची किंवा चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, तिच्यावर बाहेरून सिमेंटचं प्लास्टर चढवलं की घेतलेली ओल आतच कोंडते, भिंत आतून भुसभुशीत होते, आणि प्लास्टर एक दिवस ढलपीच्या ढलपी घेऊन खाली येतं. मग मालक म्हणतो जुनं बांधकाम कच्चं होतं. कच्चं कसलं, दोनशे वर्षं उभं होतं ना! देवळांचंही तेच, दगडाला ऑइल पेंट फासतात, कोरीव काम बुजतं आणि पापुद्रे सुटायला लागतात. तुम्ही फिरताना हे बघत चला, कुठली भिंत फुगलीय, कुठे ओल कुठपर्यंत चढलीय, मग इमारत बोलायला लागते.

आणि वाडे पडतात याचं दुसरं कारण पाऊस नाही, सातबारा आणि भाऊबंदकी. एका वाड्याला पंधरा-वीस वारस, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईला, कोणी एकाने खर्च करायचा तर वाटा सगळ्यांचा. म्हणून एखाद्या घरात तुम्हाला अर्धी बाजू रंगवलेली आणि अर्धी पडकी दिसली तर समजून घ्या, विचारू नका.

चांदोरीला घाटावर नक्की जा. नदीपात्रात जुनी देवळं आहेत, पाणी खूप उतरलं की ती उघडी पडतात, एरवी पाण्याखाली नाहीतर गाळात. याचं कारण पुढे नांदूरमधमेश्वरला कळतं, तिथल्या बंधाऱ्याचा फुगवटा इथपर्यंत मागे येतो. बंधारा रिकामा केला की देवळं दिसतात, म्हणून कधी दिसतील याचा नेम नाही. दिसली तर नशीब समजा आणि चिखलात पाय घालायच्या आधी गावातल्या कोणाला तरी सोबत घ्या. घाटाजवळच्या घरांना पुराच्या खुणा विचारा, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत घरांमध्ये पाणी होतं, प्रत्येक जण भिंतीवर हात लावून इथपर्यंत असं दाखवतो.

जेवण इथेच कुठेतरी. मोठ्या हॉटेलची अपेक्षा ठेवू नका, घरून दशम्या, ठेचा नेलात तर उत्तम, पाराजवळ बसून खा. आठवडे बाजार लागला तर भेळभत्ता आणि गोडीशेव घ्या, मुलगा खूश.

दुपारी तीनच्या सुमारास परत सायखेड्यावरून भेंडाळी, चापडगावच्या बाजूने नांदूरमधमेश्वरला. गोदावरी आणि कादवा इथे एकत्र येतात, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी इथे दगडी बंधारा बांधला, पाणी खालच्या नगर जिल्ह्याकडे कालव्यांनी न्यायला. शंभर वर्षांत गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती आल्या, आणि त्यामागे पक्षी. आज ती महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा आहे. म्हणजे ज्या गाळाने धरण म्हणून निकामी होत चाललंय त्याच गाळाने अभयारण्य झालं. पक्ष्यांसाठी लोक येतातच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी गर्दीही असते, पण तुम्ही बंधाऱ्याचं दगडकाम बघा, आणि नदीतली जुनी महादेवाची देवळं बघा, मधमेश्वराचं नाव त्यावरूनच. सकाळचं यादवांचं बिनचुन्याचं दगडकाम आणि हे इंग्रजी दगडकाम डोळ्यांसमोर शेजारी ठेवून बघा. दगड तोच काळा, हात वेगळा. आई-वडिलांना निरीक्षण मनोऱ्यावर चढवू नका, खालूनही छान दिसतं.

विंचूर वेळ असेल तरच. विठ्ठल शिवदेव विंचूरकर, पेशव्यांचे मोठे सरदार, पानिपतावर लढलेले, त्यांचं हे गाव. त्यांच्या वाड्याच्या तटबंदीचा आवाका बाहेरून बघितला तरी कळतो. आत परवानगीशिवाय नको. परतताना निफाड लागेल, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८४२ मध्ये इथे जन्मले, एवढं मुलाला गाडीतूनच सांगा. अंधार पडायच्या आत औरंगाबाद रोडला लागा, कारण ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, मागे रिफ्लेक्टर नाही, लाइट नाही, आणि ऊस बाजूने बाहेर आलेला. त्यात कांद्याच्या गाड्या. रात्री या रस्त्यावर मी स्वतः चाळीसच्या वर जात नाही.

तुमच्या यादीतल्या बाकीच्यांचं काय, तर चांदवड हा वेगळा दिवस, आग्रा रोडने साठ-पासष्ट किलोमीटर. होळकरांचा रंगमहाल, कोरीव खांब आणि भिंतीवरची चित्रं, पण दुरुस्तीचं काम चालू असेल तर काही भाग बंद असतो, आधी फोन करून किंवा गावात ओळख काढून चौकशी करा. रेणुकेचं देऊळ जवळच. पाय धडधाकट असतील त्या दिवशी धोडपच्या पायथ्याचं हट्टी गाव जोडा, १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी रघुनाथरावांना धोडपला पकडलं, गडावर नाही गेलात तरी गावात जुने अवशेष आहेत.

येवला आणि अंकाई एकत्र करा. येवल्यात पैठणी विणणाऱ्यांची घरं, माग घरातच, तात्या टोपेंचं जन्मगाव, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा जिथे केली ती मुक्तिभूमी. मात्र अंकाई-टंकाईच्या जैन लेण्यांना पायऱ्या आहेत, तिथे आईंना नेऊ नका किंवा पायथ्याच्या गावात बसवून तुम्ही दोघंच वर जाऊन या.

अर्धाच दिवस मिळाला तर अंजनेरी. गडावर सगळे जातात, खालच्या यादवकालीन देवळांकडे फार थोडे, एका जैन देवळात १२ व्या शतकातला शिलालेख आहे. फक्त रविवारी आणि श्रावणात त्र्यंबक रोड नकोच. भगूर-देवळालीही अर्ध्या दिवसाचं काम, भगूरला सावरकरांचा वाडा आणि पुढे देवळाली कॅम्पातले जुने बंगले. बंगल्यांची उतरती कौलारू छपरं आणि लांब व्हरांडे वाड्याशी ताडून बघितले तर मजा येते, वाडा आतल्या चौकाकडे तोंड करून बसतो आणि बंगला बाहेरच्या बागेकडे.

गाडीचं विचारलंत. हॅचबॅक चालते सगळीकडे, फक्त पावसात डांबर सोडून खाली उतरवू नका, काळी माती ओली झाली की चाक जागच्या जागी फिरतं आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. समोरून बस आली तरी थांबा, चाकं डांबरावरच ठेवा. नाशिकमधून बाहेर पडताना २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते कधी कुठे बंद असतील सांगता येत नाही, निघताना अर्धा तास जास्तीचा धरा. पौष महिन्यात गेलात तर वद्य एकादशीच्या आधीचे चार-पाच दिवस टाळा, निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला निघालेल्या दिंड्या सिन्नरच्या रस्त्यावर असतात, वारकऱ्यांना वाट देत जायची तयारी आणि हौस असेल तर मात्र मुद्दाम तेव्हाच जा.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम, पहाटे निफाडकडे थंडी चांगलीच असते, वडिलांना कानटोपी घ्या. जुलै ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर सकाळी निघायच्या आधी गंगापूर आणि दारणा धरणांतून किती विसर्ग चालू आहे ते बघा, आणि जास्त असेल तर सिन्नर उरकून त्याच रस्त्याने परत फिरा, नदीकाठ पुढच्या वेळेला.